संगणकाची वेळ आणि कालविभागाचे दोष : निदानाची एक पद्धती

संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसणारी वेळ ही एकच एक वस्तू आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. भिंतीवरील घड्याळ चुकले तर काटे फिरवावेत, त्याप्रमाणे पडद्यावरील आकडे बदलले म्हणजे काम झाले, अशी समजूत त्यातूनच होते. वास्तविक पडद्यावरील वेळ ही तीन भिन्न गोष्टींच्या संयोगातून निष्पन्न होत असते : एक अखंड चालणारी गणना, त्या गणनेचा स्थानिक अर्थ लावणारा नियम, आणि त्या नियमाकडे निर्देश करणारे नाव. यांपैकी कोणते अंग बिघडले आहे हे न ओळखता केलेली दुरुस्ती मूळ दोष झाकते आणि त्यात दुसऱ्याची भर घालते.

संशोधनाच्या दृष्टीने हा प्रश्न क्षुल्लक नाही. बोलीच्या क्षेत्रीय अभ्यासात रेकॉर्डर, कॅमेरा आणि संगणक ही तीनही साधने एकाच मुलाखतीत वापरली जातात. त्यांच्या वेळांत मेळ नसेल, तर उत्तर प्रश्नाच्या आधी नोंदले गेल्याचे दिसते. अशी सामग्री वर्षभराने पुन्हा हाती घेतली असता तिचा क्रम लावणे दुष्कर होऊन बसते. आणि ज्याने मुलाखती घेतल्या त्याच्यानंतर दुसऱ्या कोणी ती अभ्यासावयास घेतली, तर क्रम चुकला आहे याची शंकाही त्यास येत नाही. म्हणून कालविभागाच्या, म्हणजे टाइम झोनच्या, दोषांचे निदान कोणत्या क्रमाने करावे याचे विवेचन येथे योजिले आहे. उदाहरणे लिनक्स व विंडोज या दोन ऑपरेटिंग सिस्टिमची घेतली आहेत.

१. गणना

लिनक्सच्या पोटात तास, वार, महिना असे काही नसते. १ जानेवारी १९७० रोजी, समन्वित जागतिक वेळेनुसार म्हणजे यूटीसीनुसार, मध्यरात्री जो क्षण होता तेथपासून आजवर किती सेकंद लोटले, एवढाच आकडा ती बाळगते. विंडोजची गणना १ जानेवारी १६०१ पासून आणि सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या मापाने चालते. तत्त्व मात्र तेच. या आकड्याला देश नसतो. एखाद्या क्षणी पुण्यातील, लंडनमधील आणि न्यूयॉर्कमधील लिनक्स यंत्रे पाहिली, तर तीनही ठिकाणी एकच संख्या आढळावी.

यंत्र बंद असताना ही गणना थांबते. त्या काळात वेळ राखण्याचे काम मुख्य फलकावरील एक स्वतंत्र घड्याळ, नाण्याच्या आकाराच्या बॅटरीवर, करीत असते. या घड्याळात वर्ष, महिना, दिनांक, तास, मिनिटे आणि सेकंद यांचे आकडे असतात; परंतु ते आकडे कोठल्या वेळेचे आहेत, याची नोंद त्यात नसते. पुढे येणाऱ्या एका मोठ्या दोषाचे मूळ या मौनात आहे.

इंटरनेटला जोडलेले यंत्र आपली गणना दूरच्या घड्याळाशी जुळवून घेते. त्यासाठी वापरली जाणारी पद्धती, म्हणजे नेटवर्क टाइम प्रोटोकॉल किंवा एनटीपी, डेव्हिड मिल्स यांनी रचली आणि १९८५ साली तिचे प्रारंभिक स्वरूप प्रसिद्ध झाले. एनटीपीद्वारे केवळ यूटीसी येते, कालविभाग येत नाही, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. ‘वेळ आपोआप जुळवा’ हा पर्याय चालू आहे, तरीही पडद्यावरील वेळ चुकीची का, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

२. नियम आणि नाव

गणनेपासून स्थानिक वेळ काढण्याचे नियम एका सार्वजनिक कोशात संकलित केलेले असतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात या संकलनास आरंभ केला. पॉल एगर्ट यांनी त्याचे संपादन दीर्घकाळ सांभाळले. आणि २०११ पासून इंटरनेटवरील नावे व क्रमांक यांची व्यवस्था पाहणारी ‘आयाना’ ही संस्था ते प्रसिद्ध करते. लिनक्स, अँड्रॉइड आणि अ‍ॅपलच्या सिस्टिम हाच कोश वापरतात. विंडोजची यादी निराळी आहे. तिच्यात भारताची नोंद ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ अशी चार नगरांच्या नावांनी होते.

कोशातील प्रत्येक नोंदीचे नाव खंड आणि नगर यांवरून पडते. भारताची नोंद ‘एशिया/कोलकाता’ अशी आहे. देशाचे नाव न घेता नगराचे घेण्यामागे कारण असे की, देशांच्या सीमा आणि राजवटी बदलतात, नगरे त्या मानाने टिकतात. नगरांची नावे मात्र बदलतात. २००१ साली नगराचे अधिकृत नाव कोलकाता झाले आणि काही वर्षांनी कोशानेही ते स्वीकारले. ‘एशिया/कॅलकटा’ हे जुने रूप पर्यायी नाव म्हणून जिवंत ठेवले. दुसरीकडे, विविध भाषांची माहिती संगणकासाठी संकलित करणाऱ्या सीएलडीआर या भांडाराने स्थैर्यासाठी जुनेच रूप मूळ खूण म्हणून कायम राखले आहे. परिणामी एक प्रोग्राम ‘कॅलकटा’ सांगतो, दुसरा ‘कोलकाता’ मागतो, आणि दोन्ही नावांची अक्षरशः तुलना करणारा प्रोग्राम ‘असा कालविभाग नाही’ असे उत्तर देतो. दोन पर्यायी रूपांचा निर्देश एकच असतो, ही भाषाभ्यासकास परिचित असलेली गोष्ट यंत्राला मुद्दाम शिकवावी लागते.

याच्या उलट प्रकार संक्षेपांचा. ‘आयएसटी’ ही तीन अक्षरे भारतीय प्रमाणवेळेची म्हणून आपण वापरतो. इस्रायलमध्ये ती इस्रायली प्रमाणवेळेची आणि आयर्लंडमध्ये उन्हाळ्यातील आयरिश वेळेची खूण आहेत. येथे नाव एक आणि निर्देश तीन. म्हणून कालविभाग निवडताना संक्षेपावर कधीही विसंबू नये; नगराचे पूर्ण नाव द्यावे.

३. फरकाच्या मापावरून दोषाची ओळख

ध्वनिपरिवर्तनात नियमित फरक दिसला की त्यामागे नियम शोधला जातो. संगणकाच्या वेळेतही फरकाचे नेमके माप हाच पहिला पुरावा होय. ‘वेळ चुकते’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. किती चुकते, आणि मागे की पुढे, हे आधी लिहून काढावे.

फरक काही सेकंदांचा किंवा दिवसागणिक वाढत जाणारा असेल, तर कालविभाग निर्दोष आहे. गणना घसरत आहे, आणि एनटीपी बंद आहे असे समजावे. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, तर कोठेतरी यूटीसी आणि भारतीय वेळ यांची अदलाबदल झाली आहे. वेळ नेमकी अर्धा तास मागे असेल, तर भारताऐवजी पाकिस्तानचा कालविभाग निवडला गेला असण्याचा संभव आहे. अर्धा तास पुढे असेल तर बांगलादेशाचा. पाव तास पुढे असेल तर नेपाळचा. फरक १२ तासांचा असेल, तर घड्याळ हाताने लावताना मध्यान्हपूर्व व मध्यान्होत्तर यांची गल्लत झाली आहे. दिनांक १ जानेवारी १९७० आणि वेळ पहाटे साडेपाच अशी दिसली, तर ती चूक नसून शून्य आहे : गणना उपलब्ध नव्हती, म्हणून यंत्राने आरंभीचा क्षण भारतीय वेळेत दाखविला. आणि यंत्र प्रत्येक वेळी सुरू करताना एखादा जुना दिनांक दिसत असेल, तर आधी फलकावरील बॅटरी पाहावी.

दोन मापे विशेष उल्लेखनीय आहेत. पहिले ११ तासांचे. लिनक्समध्ये ‘टीझेड’ या चलाद्वारे कालविभाग सूत्ररूपाने लिहिता येतो. पण त्या जुन्या संकेतात चिन्हाचा अर्थ व्यवहाराच्या उलट आहे. तेथे ग्रिनिचच्या पश्चिमेस अधिक आणि पूर्वेस उणे मानतात. भारतासाठी ‘उणे ५:३०’ लिहावे लागते. सवयीने ‘अधिक ५:३०’ लिहिले, तर यंत्र साडेपाच तास पुढे न जाता तितकेच मागे जाते, आणि एकूण फरक ११ तासांचा पडतो.

दुसरे माप २३ मिनिटांचे. कोशातील कोलकात्याच्या नोंदीचा आरंभ प्रमाणवेळेपूर्वीच्या स्थानिक वेळेने होतो. ती ग्रिनिचपुढे ५ तास ५३ मिनिटे २८ सेकंद होती. पायथन भाषेतील ‘पायटीझेड’ या जुन्या प्रचलित ग्रंथालयाचा कालविभाग दिनांकाला थेट जोडला, तर ही पहिलीच वेळ उचलली जाते आणि सारे दिनांक भारतीय वेळेपासून २३ मिनिटांनी सरकतात. त्या ग्रंथालयाने दिलेली ‘लोकलाइझ’ ही क्रिया वापरणे, किंवा पायथनच्या ३.९ या आवृत्तीपासून भाषेतच समाविष्ट असलेले ‘झोनइन्फो’ वापरणे, हा त्यावर उपाय आहे.

४. तपासणीचा क्रम

माप कळल्यावर तपासणी आतून बाहेर करावी. प्रथम गणना, मग नियम, आणि शेवटी वेळ दाखविणारा प्रोग्राम.

लिनक्सवर ‘डेट’ ही आज्ञा ‘यू’ या पर्यायासह दिली असता यूटीसी दिसते. ती विश्वसनीय घड्याळाशी ताडून पाहावी. यूटीसी बरोबर असेल, तर गणना निर्दोष आहे आणि तिला हात लावू नये. यूटीसीच चुकीची असेल, तर कालविभागाशी खेळण्यात अर्थ नाही. एनटीपी सुरू करावी. ‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा स्थानिक वेळ, यूटीसी, फलकावरील घड्याळाची वेळ, कालविभागाचे नाव आणि एनटीपीची स्थिती एकत्र दाखविते; निदानासाठी इतके सोयीचे दुसरे साधन नाही. विंडोजवर ‘टीझेडयुटिल’ या आज्ञेने चालू कालविभागाचे नाव मिळते, आणि सेटिंग्जमधील दिनांक व वेळ यांच्या पानावर ते बदलता येते. तेथील ‘कालविभाग आपोआप ठरवा’ हा पर्याय यंत्राच्या अनुमानित स्थानावर अवलंबून असतो. ते अनुमान चुकले तर कालविभागही चुकतो. अशा वेळी तो बंद करून नाव हाताने निवडावे.

गणना बरोबर आणि कालविभागही बरोबर, तरीही एखाद्याच प्रोग्राममध्ये वेळ चुकते, असा प्रसंग येतो. त्याची कारणे बहुधा तीन असतात. त्या प्रोग्रामपुरते ‘टीझेड’ हे चल वेगळे ठेवलेले असते. किंवा तो प्रोग्राम नियमांची स्वतःची प्रत बाळगतो, जसे जावा करते, आणि ती प्रत जुनी असते. किंवा कालविभाग बदलण्यापूर्वीपासून तो चालू असून त्याने जुना नियम स्मरणात धरलेला असतो. या शेवटच्या दोषावर प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करणे एवढाच उपाय पुरतो. सर्व्हर आणि कंटेनर बहुधा यूटीसीवरच ठेवलेले असतात. त्यांच्या नोंदी साडेपाच तास मागे दिसल्या तर तो दोष नव्हे.

हा क्रम सोडल्यास काय होते, ते एका उदाहरणाने पाहता येईल. समजा, एका यंत्राचा कालविभाग चुकून यूटीसी असा राहिला आहे. दुपारचे तीन वाजले असता पडद्यावर सकाळचे साडेनऊ दिसतात. वापरणारा आकडे बदलून तीन करतो. पडदा आता बरोबर दिसतो, परंतु आतली गणना साडेपाच तास पुढे गेली आहे. त्या यंत्रावरून पाठविलेले ईमेल पुण्यातील सहकाऱ्यास रात्री साडेआठ वाजता पाठविल्यासारखे दिसते. मुदत संपत आलेली सुरक्षा-प्रमाणपत्रे वेळेआधीच अवैध ठरतात. सामायिक फोल्डरमध्ये त्या यंत्रावरील जुनी प्रत नव्या प्रतीहून ‘अलीकडची’ ठरून नव्या प्रतीवर लिहिली जाऊ शकते, आणि झालेले काम नाहीसे होते. पुढे एनटीपी चालू झाली की ती गणना दुरुस्त करते, आणि पडद्यावर पुन्हा साडेपाच तासांचा फरक प्रकट होतो. तेव्हा बिघाड एनटीपीचा आहे असे समजून ती बंद केली जाते. बरोबर असलेले अंग अशा रीतीने निकामी केले जाते आणि चुकलेले तसेच राहते.

५. एका यंत्रावर दोन सिस्टिम

अनेक विभागांत एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही सिस्टिम नांदत असतात. फलकावरील घड्याळ आपली वेळ कोठली हे सांगत नाही, असे वर म्हटले आहे. त्या घड्याळातील आकडे स्थानिक वेळेचे आहेत असे विंडोज मूलतः समजते; लिनक्स ते यूटीसीचे समजते. विंडोजने दुपारी बारा वाजता तेथे बारा लिहिले, तर लिनक्स त्यास यूटीसी मानून पडद्यावर सायंकाळचे साडेपाच दाखविते. लिनक्सने त्याच क्षणी तेथे सकाळचे साडेसहा लिहिले, तर विंडोज साडेसहाच दाखविते. एनटीपी चालू असेल तर लिनक्स सुमारे ११ मिनिटांच्या अंतराने फलकावरील घड्याळ आपल्या समजुतीनुसार पुन्हा लिहीत राहते. म्हणून एका सिस्टिममध्ये केलेली दुरुस्ती दुसरीत दोष होऊन उगवते.

उपाय दोन आहेत आणि त्यांपैकी एकच करावा. ‘टाइमडेटसीटीएल’च्या साहाय्याने लिनक्सला स्थानिक वेळ मानावयास सांगता येते. किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ या नावाची नोंद १ या मूल्याने करून विंडोजला यूटीसी मानावयास लावता येते. दुसरा मार्ग तत्त्वतः अधिक शुद्ध आहे, कारण उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत स्थानिक वेळ वर्षातून दोनदा सरकते. दोन्ही उपाय एकदम केले, तर दोघांच्या समजुती केवळ परस्पर बदलतात आणि दोष कायम राहतो.

६. नियमांचे बदल

भारताची प्रमाणवेळ १९४५ पासून स्थिर असल्याने येथे नियमांच्या जुनेपणाचा त्रास जाणवत नाही. परदेशाशी संबंध आला की तो जाणवतो. न्यूयॉर्कपेक्षा भारताची वेळ उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असते, हिवाळ्यात साडेदहा तास. अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत पुणे, लंडन आणि न्यूयॉर्क यांतील परीक्षकांची ऑनलाइन मौखिक परीक्षा ठरविताना तासाभराची चूक सहज होते. शिवाय शासने हे नियम अल्प सूचनेने बदलतात. मोरोक्कोने ऑक्टोबर २०१८ मध्ये घड्याळे मागे नेण्याच्या दोनच दिवस आधी तो बदल रद्द केला. लेबाननमध्ये मार्च २०२३ मध्ये उन्हाळी वेळ ऐनवेळी पुढे ढकलली गेली, काहींनी ती पाळली, काहींनी नाही, आणि काही दिवसांत निर्णय फिरविण्यात आला. यंत्रातील कोश अशा बदलांच्या मागे राहिला की फरक नेमका एका तासाचा पडतो. अशा वेळी सिस्टिमचे अद्ययावतीकरण करावे. घड्याळ हाताने सरकवू नये.

७. जुन्या नोंदी

कोश भूतकाळाचेही नियम सांगतो, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने हा त्याचा मोठा गुण होय. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात भारतातील घड्याळे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती. ‘एशिया/कोलकाता’ हे नाव दिल्यास यंत्र हे लक्षात घेते; ‘अधिक ५:३०’ हा आकडा दिल्यास घेत नाही.

या गुणालाही मर्यादा आहे. १९७० नंतर ज्यांची घड्याळे सारखी चालली, अशा प्रदेशांना कोशात सामान्यतः एकच नोंद मिळते. त्यामुळे मुंबईची वेळ तेथे स्वतंत्र नाही. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई शहरात ग्रिनिचपुढे ४ तास ५१ मिनिटे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत टिकून होती. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. १९२० मधील एखाद्या कागदावर ‘मुंबई वेळ सकाळी १०’ असे असेल, तर तो क्षण यूटीसीनुसार ५ वाजून ९ मिनिटांचा. यंत्रास कोलकात्याचे नाव देऊन विचारले, तर ते साडेचार सांगेल. येथे यंत्रात बिघाड नाही. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा आहे. अशा कागदाची मूळ वेळ, ती कोणत्या परंपरेची आहे या टिपणासह, जशीच्या तशी उतरवून घ्यावी आणि रूपांतर निराळ्या रकान्यात द्यावे.

८. नोंद ठेवण्याची रीत

वरील विवेचनावरून सामग्रीसाठी काही नियम निष्पन्न होतात. घडून गेलेल्या घटनेचा क्षण यूटीसीमध्ये नोंदवावा आणि सोबत स्थळाचा कालविभाग नगराच्या नावाने लिहावा. पुढे व्हावयाच्या कार्यक्रमाची मात्र स्थानिक वेळ आणि नगर नोंदवावे, कारण मधल्या काळात त्या देशाचा नियम बदलू शकतो. रेकॉर्डरच्या मेमरी कार्डावर फॅट ही जुनी फाईल-पद्धती असेल, तर तिच्यात स्थानिक वेळ कालविभागावाचून लिहिली जाते. कॅमेऱ्याच्या चित्रनोंदीतही यूटीसीपासूनचा फरक लिहिण्याची सोय २०१६ साली आली आणि सर्व कॅमेरे ती वापरतातच असे नाही. म्हणून मुलाखतीच्या आरंभी सर्व साधनांसमोर एकदा टाळी वाजवावी आणि दिनांक, वेळ व गावाचे नाव मोठ्याने उच्चारावे. पुढे साधनांच्या वेळांत फरक आढळला, तर त्या एका ध्वनीवरून तो मोजता येतो, आणि मुलाखतीचा क्रम पुन्हा लावता येतो.